मुळीतले घरजावई

चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळा मुलूख पालथा घातला तरी माझ्या व्याह्यांइतका घाबरट माणूस सापडायचा नाही. वाघाला घाबरतात हे सोडून द्या. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाला न घाबरणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा पर्यटक. पण हे गृहस्थ कुकरच्या शिट्टीला घाबरतात, उतरत्या जिन्याला घाबरतात, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजायचा थांबेपर्यंत घराबाहेर जाऊन उभे राहतात. कोणी फोटो काढायला लागलं की त्यांचे डोळे आधीच गच्च मिटलेले असतात. भिण्यासारखं जगात जे जे म्हणून आहे ते सगळं त्यांनी मनावर घेतलं आहे. एक जंतू तेवढे सोडून. जंतूंचं नाव काढलं की शहाणीसुरती माणसं साबण शोधतात, आणि हे मात्र ते बाटल्यांमध्ये पाळतात, त्यांना खाऊपिऊ घालतात आणि त्यांच्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं घरात लहान मूल आहे.

आमची पहिली भेटच मुळी उलटी झाली. माझी मुलगी प्रणाली त्यांच्या मुलासाठी पाहायला ही मंडळी राजुऱ्याकडून आमच्याकडे नागभीडजवळच्या गावी आली होती. त्या वर्षी वनखात्यानं जंगलालगतच्या गावांतून माणसाच्या तोंडाचे मुखवटे वाटले होते. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, म्हणजे वाघाला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय आणि तो मागून झडप घालत नाही. रानात जाणारी माणसंसुद्धा तो मुखवटा दोन दिवस बांधून खुंटीला टांगून ठेवत. व्याही तो बांधून मुलगी पाहायला आले. मी दारात हात जोडून "या, या" म्हणालो ते त्यांच्या पाठीला. ते बिचारे माझ्या अंगणातल्या बोराच्या झाडामागे काही हलतंय का ते बघत होते. मागून बायको हळूच म्हणाली, "इकडून हो, त्यायचं तोंड त्या बाजूले हाय." लग्न ठरलं, पण त्या दिवसापासून मला एक धास्ती बसली की पोरीला आपण कुठल्या घरात देऊन राहिलो!

ती धास्ती खरी करायला त्यांनी फार दिवस लावले नाहीत. लग्नाला महिना झाला असेल नसेल, प्रणालीचा रडका फोन आला. "बाबा, तुमी आंदनात देलेल्या कुकरमंदी मामाजी माती शिजवून राह्यले!" पाच लिटरचा कुकर, मी स्वतः चंद्रपूरच्या बाजारातून ठोकून ठोकून पारखून आणलेला. जावई बल्लारपूरला कामाला, दिवसभर बाहेर, म्हणजे घरात ही पोर आणि हा माती शिजवणारा सासरा. मी पहिल्या गाडीनं निघालो.

बघतो तर काय! चुलीवर कुकर फुसफुसतोय आणि व्याही अंगणात, विहिरीच्या पलीकडे, कानात बोटं घालून उभे. बोटं घातली म्हणून शिट्टी ऐकू येत नव्हती, म्हणून प्रणाली दारात उभी राहून प्रत्येक शिट्टीला त्यांना एकेक बोट दाखवत होती. मी कपाळावर हात मारला. मग चहा घेताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. एका शेती संशोधन केंद्रात त्यांनी तीसेक वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या होत्या. साहेब बदलत गेले, नळ्या धुणारा तोच राहिला. धुता धुता तो सगळं बघत राहिला आणि शिकत राहिला. निवृत्त झाल्यावर घरातल्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी तेच सुरू केलं होतं. माती, नळ्या, जंतूंचं खाणं, सगळं आधी वाफेवर निर्जंतुक करायचं, म्हणून कुकर. शिट्टीला भितात, पण कुकर आठवड्यातून तीनदा लावतात.

"पन हे कशासाठी?" मी विचारलं.

"हरबऱ्याच्या मरीसाठी, भाऊ," ते म्हणाले.

मर म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. धान निघालं की आम्ही त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, हरभरा पेरतो. तो चांगला हिरवागार उभा राहतो आणि एक दिवस एकेक झाड माना टाकायला लागतं. उपटून मूळ चिरलं तर आत काळपट रेघ. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाचं पाणीच तोडते. माझ्या तीन एकरांत तेव्हा लागोपाठ दोन वर्षं ती आली होती आणि झोपेतसुद्धा मला पिवळी पानं दिसायची.

व्याह्यांची रीत अशी की कुठे मर लागल्याचं कानावर आलं की हे तिथे हजर. लोकांना वाटायचं हा अवलक्षणी माणूस जिथं पीक मेलं तिथंच कसा येतो! एका गावात तर बायांनी त्यांना वेशीतूनच परत लावलं. पण ते मेलेल्या झाडांकडे बघायचेही नाहीत. सगळं वावर वाळलेलं असताना त्यात एखादंच झाड हिरवं उभं असतं ना, ते ते मागायचे. "मेल्याले काय पायता? जो नाई मेला त्याले इचारा, बापा, तू काऊन नाई मेला?" असं म्हणून मुळं तुटणार नाहीत अशा बेतानं ते झाड काढायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि घरी आणून त्याच्या मुळाच्या आत राहणारे जंतू बाहेर काढून वाढवायचे. मग काचेच्या झाकणीत मधोमध ती बुरशी ठेवायची आणि कडेला जंतूंची एक रेघ ओढायची. बुरशी पसरत पसरत येते आणि रेघेच्या अलीकडे बोटभर जागा सोडून थांबते. ती मोकळी जागा ते आल्यागेल्याला नातवाचा फोटो दाखवावा तशी दाखवत.

"हे मुळीच्या आतच राह्यते, भाऊ. घरजावयावानी. थोडंसं खाते, पन दारात बुरशी आली का धरून हानते."

मी स्वतः जावयाचा सासरा, त्यामुळे घरजावई कोणाला धरून हाणतो हे मला नवीनच होतं, पण मी मान डोलावली.

चांद्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना काय सांगावं! मे महिन्यात मी एकदा मुलीकडे गेलो तर घरातला एकुलता एक कूलर कोपऱ्यातल्या खोलीकडे तोंड करून. आत बाटल्या थंडगार, बाहेर पोरीचा बाप घामानं निथळतोय. "त्यायले गरमी सहन नाई होत," व्याही अगदी कळवळून म्हणाले. प्रवासातही बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. बल्लारपूरहून गाडीत बसले, तर एका शिपायानं टॉवेलावर काठी टेकवून विचारलं, "काय हाय याच्यात?" खाकी कपड्याला ते भितात हे वेगळं सांगायला नको. दातावर दात आपटत खरं तेच सांगितलं, "जं... जंतू." शिपाई जो मागे सरकला तो पुढच्या स्टेशनाला उतरून दुसऱ्या डब्यात बसला म्हणतात. मूल नावाच्या स्टेशनापर्यंत व्याह्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही आणि ते आडवे होऊन आले.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जी सांगताना मला अजून चोरट्यासारखं होतं. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या आधी ते आपणहून आमच्याकडे आले. बाटल्या आणल्या होत्या. म्हणाले, "भाऊ, अर्ध्या बांधीतच लावून पाहा. जास्त नोका लावू. काम होईन का नाई, मले भेव वाटते." इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण पोरीचा सासरा दारात आलेला, समोर पाटावर बसलेला, त्याला काय अर्धी बांधी दाखवायची? मी छाती काढून बोललो, "अर्धी कायले? तीनही एकरात लावू! तुमच्या औषधावर आमचा पुरा भरोसा हाय!" त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मी तर बोलून झाल्याबरोबर पस्तावलो. पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा? व्याह्याला दिलेला!

त्या रात्री मला डोळा लागला नाही. हरभरा गेला तर पुढचं सगळं वर्ष कसं काढायचं, ही एक भीती. त्याहून मोठी भीती अशी की हरभरा गेला तर बोलायचं कोणाला? पोर त्यांच्या घरात. तोंडातून एक वाकडा शब्द गेला तर तो तिच्या ताटात पडायचा.

सकाळी व्याह्यांनी ओसरीत ताडपत्री अंथरली, गुळाच्या पाण्यात जंतू कालवले आणि हरभऱ्याच्या दाण्या दाण्याला हळुवार चोळले. मग सावलीत वाळवणं. ऊन सरकत आलं तशी ते ताडपत्री सरकवत होते, आणि सरकवायला जागा उरली नाही तेव्हा छत्री उघडून बियाण्यावर धरून बसले. दुपारी जेवून ते जरा लवंडले. बायको टोपलीभर बियाणं घेऊन बोडीजवळच्या, म्हणजे आमच्या शेततळ्याजवळच्या तुकड्यात टोकायला गेली होती. ओसरीत मी एकटा. आणि माझ्या धानाच्या कोठीमागे एक पिशवी होती. तांब्याचं निळं बुरशीनाशक, आदल्याच आठवड्यात आणलेलं आणि व्याही आल्यावर तिथं लपवलेलं. मी म्हटलं, त्यांचंही राहील आणि हेही राहील, दोन औषधं म्हणजे दुप्पट जोर. खरं सांगू का? असं मी म्हटलं नव्हतं. व्याह्यांनी बोलता बोलता दहा वेळा बजावलं होतं की तांब्याच्या औषधानं जंतू मरतात. मला ते माहीत होतं. मला फक्त भीती वाटत होती. मी आतल्या खोलीतल्या घोरण्याकडे कान ठेवून ती पिशवी बियाण्यावर रिकामी केली, दोन्ही हातांनी कालवलं आणि भराभर पोती भरून शिवून टाकली.

चहाच्या वेळी ते बाहेर आले. मी कप पुढे केला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, हात धुऊन घ्या बरं. साबन लावून. मंग काई खा."

मी धुतले. ज्या माणसानं जन्मात कधी कोणाला जंतू लागतील म्हणून हात धुवायला सांगितलं नाही तो हे का म्हणतोय, एवढंही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

हरभरा उगवला. मी रोज सकाळी बांधावरून बघायचो आणि रोज वाटायचं, आज पिवळं झाड दिसणार. बोडीकडच्या टोकाला त्या दिवसांत वाघाचे पंजे उमटलेले दिसले होते, त्यामुळे तिकडे कोणी जात नव्हतं. अलीकडच्या बांध्यांमध्ये मी जायचो, तेही खाकरत, ताटली वाजवत. महिना उलटला आणि पहिल्या झाडानं मान टाकली. मग दहा. मग चटई गुंडाळावी तशी एकेक बांधी जायला लागली.

मी निरोप धाडला नाही, तरी व्याही आले. वावरात उतरले, एक झाड उपटलं, नखानं मूळ चिरून ती काळी रेघ पाहिली. बसूनच शेजारचं आणखी एक झाड चिरलं. मला वाटलं आता विचारतील. ते उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "माहंच चुकलं असन, भाऊ." जाताना डोक्यामागचा मुखवटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमाले लागन. इकडं वाघ हाय."

आठवड्यानं प्रणालीचा फोन. या वेळी ती रडत नव्हती, तिच्या आवाजात भीती होती. "बाबा, मामाजीनं कुकर राखीनं घासून मले वापस देला. खोलीले कुलूप लावलं. दोन दिवस झाले बोलून नाई राह्यले. कुकरची शिट्टी झाली तरी जाग्यावरून उठत नाई, बाबा."

शिट्टीलाही घाबरत नाहीत हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. फोन ठेवून मी बायकोजवळ जाऊन बसलो आणि पोरीचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोडीजवळचा हरबरा पाहून या एकडाव."

"तिथी काय वेगळं असन?"

"तो मी तुमच्या निळ्या औषधाच्या पयले नेला होता."

म्हणजे हिलाही माहीत होतं! "तुले कोनं सांगितलं?"

"ताडपत्री कोनं धुतली? पोरीच्या कानावर घालत नाई मी, भेऊ नोका. पन जाऊन या."

दिवसाढवळ्या निघालो तरी त्या दिवसाइतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. डोक्यामागे व्याह्यांचा मुखवटा, हातात कुदळ, तोंडानं देवाचं नाव. बोडीवरची पाखरं एकदम उडाली तेव्हा मी बांधावर बसूनच घेतलं. मागे काहीतरी सळसळलं. मागे वळून बघावं की न वळता मुखवट्यालाच बघू द्यावं, हे ठरेना. शेवटी एक रानडुक्कर पळताना दिसलं आणि मला घटकाभर ते डुक्कर सख्ख्या भावासारखं वाटलं. बांध चढून पलीकडे पाहिलं. तुकडा हिरवा होता. मधूनमधून एखाददुसरं झाड वाळलेलं, पण तुकडा हिरवा होता आणि फुलावर आला होता. मी तिथं उभा राहून ढसाढसा रडलो. वाघ आला असता तरी मला कळलं नसतं.

एक झाड मी मातीसकट काढलं, पंचा बोडीत भिजवून त्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसलो. राजुऱ्याकडे पोचलो तर व्याही अंगणात बाजेवर बसलेले. प्रणाली मला पाणी देऊन चहा ठेवायला आत गेली. मी पंचा सोडला आणि एका दमात बोलून टाकलं, "भाऊ, तुमच्या बियान्याले मी मागून निळं औषध लावलं होतं. हे झाड बिगर औषधाचं हाय. बोडीजवळचं. तिथी हिरवं हाय सारं."

त्यांनी झाड हातात घेतलं. "मुळी नाई ना तुटली काढताना?"

"भाऊ, मी काय सांगून राह्यलो, आयकलं का तुमी?"

"मले मालूम हाय. तुमच्या नखात दिसलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तिच्या बापाले खोटं पाडावं का मी, तिच्याच घरात? मले लय भेव वाटते भाऊ, कोनाचं मन दुखवाचं."

"मंग खोली कायले बंद केली?"

"घरचाच मानूस भेला. मंग मी दुसऱ्याच्या वावरात कोन्या तोंडानं जाऊ? त्यायचं बी वावर एकच राह्यते."

मी त्यांचे हात धरले. त्यांना ते आवडलं नाही, कारण एका हातात झाड होतं. थोड्या वेळानं ते उठले, कमरेची किल्ली काढली आणि आत हाक मारली, "प्रणाली, कुकर आन वो माय." आणि कुकर चढल्याबरोबर कानात बोटं घालून विहिरीच्या पलीकडे पळाले. मी दारात उभा राहून बोटं दाखवली.

त्या झाडातल्या जंतूंवर आमचा हरभरा पुढे बऱ्यापैकी उभा राहिला. मर अजिबात गेली असं नाही, व्याहीही तसं कधी म्हणत नाहीत, पण वावर वावरासारखं दिसतं. दर पेरणीला ते यायचे. बियाण्याला हात लावायच्या आधी मी साबणानं हात धुऊन, शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे उलटसुलट करून त्यांच्यापुढे धरायचो. ते संकोचून दुसरीकडे बघत आणि म्हणत, "राहू द्या ना, भाऊ." मला वाटायचं, एकदा तरी यांनी मला शिवी हासडावी, म्हणजे माझं ओझं उतरेल. पण ते त्यांच्यानं कधी झालं नाही.

यंदा ते आले नाहीत. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, गाडीची चढउतार झेपत नाही, झाकणीतली मोकळी जागा आता प्रणालीच बघून त्यांना सांगते. बाटली घेऊन तीच आली, ओल्या टॉवेलात, मांडीवर. तिनं ओसरीत ताडपत्री अंथरली. मी सवयीनं हात धुतले आणि दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले.

ती हसायला लागली. "हे काय, बाबा? मले हात कायले दाखवता?"

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं.